वजन नको, अडचण मोजा!

मैत्रिणींनो, आज जरा नाजूक विषय काढतेय. वजनाचा! पण घाबरू नका, डाएट सांगणार नाही. सकाळी कोमट पाणी प्या, रात्रीचा भात सोडा, जेवल्यावर शतपावली करा, हे सगळं तुम्ही बायकांच्या पानावर शंभर वेळा वाचलंय आणि त्यातलं निम्मं करूनही पाहिलंय. आज बोलायचंय ते अशा बायकांबद्दल, ज्यांचं वजन वाढत वाढत इतकं झालंय की आता शरीरच अडून बसलंय. गुडघे वाकत नाहीत, दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते, साखरेने डोळ्यांपुढे धुकं आणलंय. हातचं काम सुटलंय आणि घरात पैसाही येत नाही. अशी बाई सरकारच्या दारात गेली तर तिला काही मिळतं का? मिळायला हवं का?

हा प्रश्न मला पडला तो आमच्याच गल्लीतल्या एका वहिनींमुळे. वय बावन्न. पंधरा वर्षं त्या डबे करून द्यायच्या, रोजच्या साठ-सत्तर पोळ्या. वजन शंभरी कधीच ओलांडून गेलेलं. दोन्ही गुडघे झिजलेले. आता ओट्यापाशी दहा मिनिटंसुद्धा उभं राहवत नाही. डबे बंद झाले. मालक आधीच गेलेले, मुलगा रोजंदारीवर. कुणीतरी सांगितलं म्हणून अपंगत्वाचा दाखला काढायला गेल्या. खिडकीवरच्या माणसाने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मोठ्यांदा म्हणाला, ‘ताई, दाखला कशाला हवा, जेवण कमी करा!’ रांगेतले चार जण हसले. वहिनी कागदांची पिशवी तशीच घेऊन घरी आल्या. परत काही गेल्या नाहीत.

कोणतं ऑफिस ते सांगत नाही, कारण प्रश्न एका खिडकीचा नाही. तसं बोलणारी माणसं घरोघरी आहेत. सासू म्हणते, नणंद म्हणते, लग्नाच्या पंगतीत वाढणारा पोरगासुद्धा म्हणतो. फरक इतकाच, की घरातल्या बोलण्याने मन दुखतं आणि खिडकीवरच्या बोलण्याने हक्क बुडतो.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. आपल्याकडे पूर्वी १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा होता. त्यात सातच प्रकारचं अपंगत्व मोजलं जायचं. नंतर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, तो एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि यादी सातावरून एकवीसवर गेली. अंधत्व, कमी दृष्टी, कर्णबधिरत्व, हातापायांचं म्हणजे अस्थिव्यंग, मानसिक आजार, सिकल सेल, थॅलेसेमिया, पार्किन्सन, अ‍ॅसिड हल्ल्यातल्या जखमा अशी ती यादी आहे. त्या एकवीसमध्ये लठ्ठपणा नाही. म्हणजे नुसतं वजन जास्त आहे म्हणून दाखला मिळत नाही. इथवर त्या खिडकीवाल्याचं बरोबर होतं असं समजा.

पण इथेच खरी गोम आहे! वजन यादीत नसलं तरी वजनामुळे शरीराचं जे नुकसान होतं त्यातलं बरंच काही यादीत आहे. गुडघे किंवा खुबे झिजून चालणं-बसणं बंद झालं तर ते अस्थिव्यंगात तपासलं जातं. मधुमेहाने पायाला जखम होऊन बोट किंवा पाय कापावा लागला तर तेही अस्थिव्यंगच. मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब झाला तर कमी दृष्टी किंवा अंधत्व. ब्लडप्रेशर वाढून अर्धांगाचा झटका आला आणि हात-पाय लुळा पडला तर त्याचंही मोजमाप होतं. आणि हे नुकसान कशामुळे झालं, यावर टक्के ठरत नाहीत. किती झालं, यावर ठरतात.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एखादा पुरुष दारू पिऊन मोटारसायकलवरून पडला आणि पाय गमावून बसला, तर बोर्डातले डॉक्टर त्याला ‘का प्यायलास?’ म्हणून दाखला नाकारत नाहीत. नाकारूही नये. पाय गेला तो गेलाच. मग गुडघे गेलेल्या बाईलाच ‘का खाल्लंस?’ हा प्रश्न कशाला?

बोर्ड नेमकं काय बघतं, तेही समजून घ्या. पायाच्या तपासणीत सांधा किती वळतो, स्नायूत जोर किती आहे, हे मोजतात. त्याशिवाय तोल आणि स्थिरता बघतात. सपाट जागेवर चालता येतं का, उतारावर चालता येतं का, जिना चढता येतो का, दुखऱ्या पायावर उभं राहता येतं का, उकिडवं बसता येतं का, मांडी घालता येते का, गुडघे टेकता येतात का. आता सांगा, ही यादी वाचून तुम्हाला काय आठवलं? मला तर आपला अख्खा दिवस आठवला! उकिडवं बसल्याशिवाय गावाकडच्या संडासात जाता येत नाही. मांडी घातल्याशिवाय भाकरी थापता येत नाही, निवडणं-टिपणं होत नाही. गुडघे टेकल्याशिवाय फरशी पुसून होत नाही. म्हणजे जे आपण ‘घरचंच तर काम’ म्हणून सोडून देतो, तेच तिथे मोजलं जातं. पण बाई तिथे जाऊन काय सांगते? ‘गुडघे दुखतात हो डॉक्टर.’ दुखणं मोजायला फूटपट्टी नाही. त्याऐवजी ‘मला संडासला खुर्ची लागते, दोन वर्षांत मी जमिनीवर बसलेले नाही, हाताला धरल्याशिवाय उठता येत नाही’ हे सांगा. यात खोटं काही नाही. रोजचंच सांगायचंय, फक्त नीट सांगायचंय.

आणखी एक. लाभासाठी साधारण ४० टक्क्यांची अट असते. दोन्ही गुडघे किंवा गुडघे आणि डोळे अशा दोन अडचणी असतील तर दोन्हींची तपासणी करून घ्या. टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही, त्याचं ठरलेलं सूत्र असतं, पण एकच अडचण दाखवून परत आलात तर दुसरी धरली जाणार नाही.

आता जे यादीत नाही त्याबद्दल. हृदय कमजोर झालंय, मूत्रपिंड बिघडलंय, झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्रभर झोप नाही आणि दिवसभर डोळे मिटतात, चार पावलांवर धाप लागते. हे सगळं लठ्ठपणाबरोबर येऊ शकतं आणि यातलं काहीच एकवीसच्या यादीत नाही. एखाद्या बाईचे गुडघे ३० टक्के गेलेले आहेत, वर धाप आहे, मधुमेह आहे, झोप नाही. चारही मिळून ती पूर्ण घरी बसली आहे. पण कागदावर ती ३० टक्केच! म्हणजे लाभासाठी शून्य. माझं सगळ्यात मोठं भांडण आहे ते इथे.

बाहेरच्या देशांत याचं काय करतात? अमेरिकेत सरकारी अपंगत्व भत्ता देताना पूर्वी लठ्ठपणा त्यांच्या आजारांच्या यादीत स्वतंत्र होता. उंचीप्रमाणे वजनाचं कोष्टकच होतं. ऑक्टोबर १९९९ मध्ये तो यादीतून काढला. पण काढून तसंच सोडून दिलं नाही. वजनामुळे सांध्यांवर, हृदयावर, श्वासावर जो ताण येतो, तो बाकीच्या आजारांबरोबर एकत्र धरून माणूस काम करू शकतो की नाही हे बघा, अशा सूचना तपासणाऱ्यांना दिल्या गेल्या. २००२ मध्ये त्या पुन्हा लिहिल्या गेल्या, २०१९ मध्ये पुन्हा. तिथेही भत्ता सहज मिळतो असं नाही, पण प्रश्न तरी बरोबर विचारला जातो : सगळं मिळून या माणसाला काय जमतं?

युरोपातलीही एक गोष्ट सांगते. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात कार्स्टन काल्टोफ्ट नावाचे गृहस्थ नगरपालिकेसाठी लहान मुलं सांभाळायचं काम करत. २०१० मध्ये त्यांना कामावरून काढलं. वजनामुळे काढलं, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण युरोपियन युनियनच्या न्यायालयापर्यंत गेलं. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की लठ्ठपणा म्हणजे आपोआप अपंगत्व नव्हे. पण त्यामुळे दीर्घकाळ अशी मर्यादा येत असेल की इतरांच्या बरोबरीने काम करता येत नाही, तर ते अपंगत्व ठरू शकतं. गंमत म्हणजे पुढे डेन्मार्कच्या न्यायालयात हे गृहस्थ स्वतः हरले, कारण काम करण्यात त्यांना तशी अडचण नव्हती. मला हे दोन्ही निकाल पटतात. वजनाकडे बघून द्यायचं नाही आणि वजनाकडे बघून नाकारायचंही नाही. अडचण बघायची.

आता तुमच्यापैकी काही जणी म्हणतील, ‘अहो, असं असेल तर उद्या सगळ्याच रांगेत उभ्या राहतील!’ शंका रास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९ ते २१ चा आकडा बघा : देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत २४ टक्के जणींचं वजन प्रमाणापेक्षा जास्त आहे. म्हणजे चौघींत एक. या सगळ्यांना पेन्शन द्या असं मी म्हणतच नाही. यातल्या बहुतेक जणी कामाला वाघ आहेत! सकाळी पाचला उठून अख्खं घर चालवतात. मी म्हणते ते फक्त त्यांच्याबद्दल, ज्यांचं शरीर खरोखर थांबलंय. खोटे दाखले काढणारे आहेत, त्यांच्या बातम्याही आपण वाचतो. त्यांना पकडाच. पण खोट्याच्या भीतीने खरीला दारातून हाकलायचं, हा कुठला न्याय?

दुसरी शंका : ‘पैसे मिळाले तर वजन कमी करायची धडपड कोण करेल?’ बायांनो, ज्यांनी झिजलेल्या गुडघ्यांवर चालून बघितलंय त्यांना विचारा. एक किलो वजन कमी झालं तर दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो, असं अभ्यासात दिसलंय. म्हणजे वजन उतरवणं फायद्याचंच, त्यात वाद नाही. पण चालल्याशिवाय वजन उतरत नाही आणि गुडघ्यांमुळे चालता येत नाही. या चक्रातून बाहेर यायला फिजिओथेरपी लागते, औषधं लागतात, डाळी-भाज्या-अंडी लागतात. या सगळ्याला पैसा लागतो. रेशनचा गहू-तांदूळ आणि चहा-खारी यांवर दिवस काढणाऱ्या बाईला ‘प्रोटीन खा’ सांगणं सोपं आहे. महिन्याला हातात थोडे पैसे आले तर कदाचित ती आधी दवाखान्यात जाईल! शिवाय सुधारणा होण्यासारखी असेल तर बोर्ड मुदतीचा, तात्पुरता दाखला देऊ शकतं आणि मुदत संपली की पुन्हा तपासणी होते. म्हणजे एकदा दिलं की जन्माचं दिलं, असंही नाही.

आणि वजन काय नुसतं खाण्याने वाढतं? बाळंतपणं, थायरॉइड, पाळी जाण्याचं वय, काही औषधं, झोपेची आबाळ, सततची चिंता, सगळ्याचा त्यात वाटा असतो. सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसायचं आणि उरलेलं टाकवत नाही म्हणून संपवायचं, ही आपल्याला लावलेली सवय. पुरुष संध्याकाळी मैदानावर चार फेऱ्या मारून येतो, आपण मारायला गेलो तर ‘हिला घरात काम नाही का?’ ऐकावं लागतं. या सगळ्यातून वाढलेल्या वजनाचं खापर शेवटी एकट्या बाईच्या डोक्यावर!

असो. आता कामाचं सांगते. कात्रण काढून ठेवायचं तर एवढं ठेवा.

दाखल्यासाठी अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो. स्वतःला जमत नसेल तर सेतू केंद्रात किंवा कॉलेजात जाणाऱ्या भाचीला सांगा. आधार कार्ड, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि जुने-नवे सगळे रिपोर्ट, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या जवळ ठेवा. तपासणी जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, किंवा नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते. बोर्डाचे वार ठरलेले असतात, ते आधी विचारून मगच जा, नाहीतर भाडं फुकट जातं. दाखला नाकारला तर कारण लेखी मागा, ते देणं बंधनकारक आहे. आणि निर्णय पटला नाही तर नियमांत ९० दिवसांच्या आत अपील करण्याची सोय आहे.

४० टक्के किंवा जास्त आले तर तहसील कार्यालयातल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या शाखेत जा. वय १८ ते ६५, राज्यात किमान पंधरा वर्षांचं वास्तव्य आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. २०२५ मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम महिन्याला दीड हजारावरून अडीच हजार करण्याचा निर्णय झाला. याच योजनेत पक्षाघात, कर्करोग, क्षयरोग अशा आजारांमुळे पोट भरू न शकणाऱ्यांचाही समावेश आहे, हे लक्षात ठेवा. एक सावधगिरी : २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेच्या नियमात, दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला दीड हजार किंवा जास्त मिळत असतील तर तो लाभ घेता येत नाही. तेव्हा दोन्हीकडे नाव लावून नंतर वसुलीची नोटीस ओढवून घेऊ नका. एसटीत मार्च २०२३ पासून आपल्या सगळ्याच जणींना निम्मं तिकीट आहे, पण दिव्यांगांना त्याहून जास्त, ७५ टक्के सवलत आहे. दवाखान्याच्या फेऱ्या मारणाऱ्या बाईला तेवढाही हातभार मोठा असतो.

आणि सरकारकडे काय मागायचं? माझ्या मते तीन गोष्टी. एक, दाखल्याच्या खिडकीवर बाईच्या शरीरावर शेरा मारला गेला तर तक्रार कुणाकडे करायची, हे तिथल्याच भिंतीवर लिहा. बोर्ड तळमजल्यावर बसवा आणि वाट बघणाऱ्यांना हातांची मजबूत खुर्ची द्या. गुडघ्यांचा दाखला घ्यायला दोन जिने चढायला लावणं ही थट्टा आहे. दोन, उत्पन्नाची अट बदला. दिव्यांगांसाठी वर्षाला ५० हजारांची मर्यादा चालत आली आहे. म्हणजे महिन्याला चार हजार आणि थोडे वर. घरात एक माणूस रोजंदारीवर गेला तरी एवढे होतात. तीन, आणि सगळ्यात महत्त्वाची : यादीत नसलेल्या आजारांचा एकत्र परिणाम धरायची सोय करा. यादीत आणखी प्रकार घालण्याचा अधिकार कायद्यानेच केंद्र सरकारला दिलेला आहे. तो वापरायला कुणी अडवलेलं नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात काय आहे? तुमच्या ओळखीत अशी एखादी काकू, मावशी, जाऊबाई असेलच, जी दारातल्या खुर्चीवर बसून असते आणि लग्नकार्यालासुद्धा येत नाही. तिला वजन कमी करायचा सल्ला द्यायला जाऊ नका, तो तिला तोंडपाठ आहे. तिचे रिपोर्ट एका पिशवीत लावून द्या. अर्ज भरून द्या. बोर्डाच्या दिवशी तिच्याबरोबर जा आणि रांगेत तिच्या शेजारी उभ्या राहा. खिडकीतून कुणी काही बोललंच, तर शांतपणे विचारा, ‘साहेब, यांचं वजन नका सांगू. यांना चालता-बसता किती येतं ते तपासा आणि लिहून द्या.’

एवढं वाक्य पाठ करून ठेवा. कधी ना कधी, कुणासाठी तरी, उपयोगी पडेल.